एका जिवाला पुरेसे किती?

‘एकट्या जिवाला असे लागते तरी किती?’ हा प्रश्न मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे. बहुधा तो उत्तराच्या अपेक्षेने विचारला जात नाही. ज्याच्यामागे बायकापोरे नाहीत त्या ‘सडाफटिंग’ माणसाचे कसेही भागते, हे त्या प्रश्नातच गृहीत धरलेले असते. परंतु हा प्रश्न खरोखर उत्तरासाठी विचारावा आणि उत्तर रुपये-आणे-पैंत द्यावे, असा प्रयत्न गेल्या दीडशे वर्षांत अनेकांनी केला. त्यांत अर्थशास्त्रज्ञ होते, शिक्षक होते, सरकारी अधिकारी होते. त्यांनी काढलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि भाव बदलत गेले म्हणूनच ते जुळत नाहीत असे म्हणता येत नाही. प्रत्येक आकड्यात काही गोष्टी धरलेल्या असतात व काही वगळलेल्या असतात. कोणी काय वगळले, याचा मागोवा घेतला म्हणजे त्या त्या काळाने माणूस कशाला म्हटले हे कळते.

जुन्या व्यवस्थेत हा हिशेब नाण्यांत मांडण्याची गरज क्वचितच पडत असे. त्या काळची भाषाच वेगळी आहे. पाहुण्याला किंवा भिक्षुकाला शिधा, विधवेला अन्नवस्त्र, कारागिराला बलुते, आणि घराला वर्षाची बेगमी. पुण्यात वेदाध्ययनासाठी आलेला ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सात दिवसांची सात घरे ठरली की त्याच्या पोटाचा प्रश्न सुटला. अन्न जातीच्या आणि नात्याच्या वाटेने येत होते, म्हणून त्याला किंमत लावावी लागत नव्हती. अर्थात ज्याच्यासाठी ती वाट बंद होती, त्याच्यासाठी सातच काय, एकही घर उघडे नव्हते. पुढे पगार रोख रुपयांत मिळू लागला, माणसे गाव सोडून मुंबई, पुणे, बडोदे अशा शहरांत एकटी राहू लागली, आणि ‘पुरेसे किती’ हा प्रश्न प्रथमच आकड्याचा प्रश्न झाला.

जहाजावरचे अन्न, तुरुंगातले अन्न

या आकड्याचा पहिला पद्धतशीर शोध ज्यांनी घेतला, त्या दादाभाई नौरोजींचा बडोद्याशी अल्पकाळ पण निकटचा संबंध आला होता. १८७४ साली ते मल्हारराव गायकवाडांचे दिवाण होते. दरबारातील कारस्थाने आणि रेसिडेंटाचा विरोध यांमुळे ती दिवाणगिरी फार टिकली नाही. त्यानंतर लवकरच, १८७६ मध्ये, त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध निबंध मुंबईत वाचला.

दादाभाईंची पद्धत साधी होती, आणि त्या साधेपणातच तिची धार होती. ब्रिटिश हिंदुस्थानचे एकूण उत्पन्न लोकसंख्येने भागून त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न काढले. ते सुमारे २० रुपये भरले. मग माणसाला नुसते जगायला किती लागते, हे पाहणे आले. यासाठी त्यांनी स्वतःच्या कल्पनेतला आहार घेतला नाही. सरकारने मान्य केलेलेच आहार घेतले. परदेशी मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना जहाजावर, म्हणजे कोणतेही श्रम नसताना, किती धान्य, डाळ, तूप द्यावे, याचे प्रमाण सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवून दिले होते. तुरुंगांतील कैद्यांच्या अन्नवस्त्राचा खर्चही सरकारी अहवालांत छापलेला होता. त्यावरून प्रांतोप्रांतीच्या भावांनुसार वर्षाला माणशी १६ ते ३५ रुपये नुसत्या जगण्यासाठी लागतात, असा हिशेब निघाला. कैद्याला जेवढे अन्न आणि वस्त्र मिळते तेवढेही साऱ्या प्रजेला पुरवता येईल इतके उत्पन्न देशात चांगल्या वर्षीदेखील होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

दादाभाईंनी येथे आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली. या हिशेबात चैनीच्या लहानसहान वस्तू धरलेल्या नाहीत, सामाजिक आणि धार्मिक गरजा धरलेल्या नाहीत, सुखदुःखाच्या प्रसंगांचा खर्च धरलेला नाही, वाईट वर्षासाठी काही शिल्लक टाकण्याची सोयही धरलेली नाही. पहिलाच आकडा मांडणाऱ्याने त्या आकड्यातून काय गळले आहे याची यादीही दिली, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्यानंतर आकडे मांडणाऱ्या सर्वांना ही यादी आठवली असे मात्र दिसत नाही.

आठ रुपये आणि पंचाहत्तर रुपये

दादाभाईंनी तळाकडून मोजले. त्याच सुमारास पुण्यात काही तरुण वेगळ्या टोकाकडून मोजत होते. सरकारी नोकरीत किंवा वकिलीत भरपूर मिळवण्याची पात्रता असलेल्या माणसाने स्वेच्छेने कितीवर थांबावे, असा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. गोपाळ गणेश आगरकरांनी शिक्षण संपत असताना आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलगा आता मोठ्या पगाराची जागा मिळवील अशी आशा धरू नये, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालवण्याचे आपण ठरवले आहे, अशा आशयाचे ते पत्र आहे. ‘पोटापुरते’ हा शब्द पत्रात शोभून दिसतो. संस्थेच्या नियमावलीत मात्र त्याला आकडा द्यावा लागतो.

तो आकडा किती नाजूक असतो हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विद्यार्थिदशेवरून दिसते. वडील वारल्यानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार दरमहा १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत सगळे घर चालवीत. म्हणजे एकट्या विद्यार्थ्याला ८ आणि कुटुंबाला ७. अर्थशास्त्राच्या कोणत्याही नियमात हा हिशेब बसत नाही. बसतो तो एकाच रीतीने: गोखल्यांचे शिक्षण ही त्या घराची बेगमी होती. पुढे १८८५ साली गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाले, तेव्हा तो पगार कागदोपत्री एका व्यक्तीचा होता. त्याच्यामागे त्या सात रुपयांचे ऋण उभे होते.

कालांतराने सोसायटीच्या आजीव सभासदांसाठी दरमहा ७५ रुपये, वीस वर्षांची सेवा आणि त्यानंतर ३० रुपये निवृत्तिवेतन, अशी व्यवस्था रूढ झाली. परंतु तेथवरचा प्रवास सरळ झाला नाही. वेतन वाढवावे की नाही, अडचणीच्या वेळी एखाद्याला जादा रक्कम द्यावी की नाही, सभासदाने बाहेर कमाई करावी की नाही, बाहेरची कामे अंगावर घ्यावीत की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाले. टिळक आणि आगरकर यांच्यातील दुराव्याचा विचार करताना सामाजिक सुधारणेचा प्रश्न नेहमी पुढे येतो, आणि तो होताच. पण सोसायटीच्या बैठकींतील भांडणांचा मोठा भाग पगाराविषयी होता. टिळकांचे म्हणणे जेझुइटांच्या धर्तीवरील कडक तत्त्वाचे होते. सर्वांना सारखे आणि पोटापुरते वेतन असावे. बाहेरच्या मिळकतीला आणि बाहेरच्या व्यापांना एकदा वाट करून दिली की त्यागाची प्रतिज्ञा पोकळ होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हलके नव्हते. सर्वांचे संसार सारखे नसतात. एकाला जे पोटापुरते होते ते दुसऱ्याला उपाशी ठेवणारे ठरू शकते. आणि सार्वजनिक कामाला बाहेरचा उद्योग म्हणून हिणवणे योग्य नव्हे. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा वाद विकोपाला गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्यांच्या जागी गणित शिकवण्यासाठी १८९१ साली धोंडो केशव कर्वे आले.

दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. दोघांचा घोटाळा एकाच जागी होता. वेतन एका माणसासाठी ठरवले जात होते, आणि तो माणूस एकटा नव्हता.

मुंबईचे सडे

मध्यमवर्गाबाहेर ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, गिरण्यांत संप झाले, आणि मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी हाती घेतली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. या पाहणीत २,४७३ कुटुंबांचे आणि त्याखेरीज ६०३ सड्या पुरुषांचे जमाखर्च गोळा करण्यात आले. एकट्या माणसाच्या खर्चाची वेगळी गणना करण्याची आवश्यकता सरकारला वाटली, कारण मुंबईची गिरणी अशा माणसांवरच चालत होती. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै भरली. आहाराविषयी अहवालाने काढलेला निष्कर्ष दादाभाईंची आठवण करून देणारा होता. कामगारांच्या खाण्यातील धान्याचे प्रमाण दुष्काळी कामांच्या नियमावलीतील कमाल मर्यादेइतके होते, परंतु मुंबईच्या तुरुंगांतील आहाराहून ते कमी पडत होते. दादाभाईंच्या निबंधाला तोवर सत्तेचाळीस वर्षे झाली होती, आणि तुलना अजून कैद्याशीच होत होती.

हा गिरणीतला सडा कोकणातून किंवा घाटावरून आलेला असे. अनेकजण मिळून चाळीत एक खोली घेत. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशेबाने. पगार झाला की गावी मनीऑर्डर जाई. गावी त्याची बायको शेत पाहत होती, म्हातारी माणसे सांभाळत होती, मुले वाढवत होती. पाहणीच्या तक्त्यात ‘सडा’ म्हणून नोंदला गेलेला हा माणूस दोन चुलींचा खर्च सोसत होता, आणि एका चुलीच्या कष्टांची किंमत कोणत्याच तक्त्यात नव्हती.

दुसरी न मोजलेली गोष्ट खाणावळीत होती. गिरणगावातील कितीतरी खाणावळी बायका आपल्या राहत्या खोलीत चालवीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत पाळीपाळीने जेवणारी माणसे, उधारीवर आणलेला किराणा, संप झाला की थकणारे पैसे. एकट्या माणसाचे थोडक्यात भागते असे जे म्हटले जाई, ते त्या बाईच्या श्रमांना फार थोडे मोल होते म्हणून. या बायकांना संघटित करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने सुरू केले. तोपर्यंत मुंबईच्या स्वस्त जेवणाची खरी किंमत सावकाराच्या वहीत मांडली जात होती.

पैसे होते, छप्पर नव्हते

आतापर्यंतचे सारे हिशेब एक गोष्ट गृहीत धरून चालतात: हातात पैसे असले की त्यांच्या मोबदल्यात अन्न, वस्त्र, निवारा मिळतो. या गृहीताला सर्वांत मोठा तडा बडोद्यातच गेला.

भीमराव आंबेडकरांना १९१३ साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. न्यू यॉर्कमधील एकट्या विद्यार्थ्याच्या राहण्याखाण्यासाठी ठरवलेली ही रक्कम. तीतूनच घरच्यांसाठी पैसे पाठवायचे होते आणि तीतूनच पुस्तके घ्यायची होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पोटाला चिमटा घेणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. अकौंटंट जनरलच्या कचेरीत जागा मिळाली. उच्च पदव्या होत्या, नोकरी होती. राहायला जागा मात्र मिळेना. हिंदू खानावळी त्यांना बंद. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव नोंदवून, राहण्या-जेवणाचे रोज दीड रुपया देऊन ते राहिले. ओसाड, अंधारी जागा, सोबतीला कोणी नाही. काही दिवसांतच काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांना बजावण्यात आले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले.

ज्या महाराजांनी शिष्यवृत्ती दिली त्यांच्याच राजधानीत हे घडले. दीड रुपया रोज ही रक्कम त्यांना जड नव्हती. ती घेऊन त्यांना ठेवून घेणारा कोणी नव्हता. दादाभाईंच्या यादीतही जी गोष्ट नव्हती ती ही. माणसाच्या रुपयाला दुसऱ्या माणसाच्या रुपयाइतकीच किंमत हवी, हे कोणत्याही राहणीमानाच्या आकड्याच्या आधी यावे लागते. एकट्या राहू पाहणाऱ्या स्त्रीला, परधर्मीयाला, दलिताला भाड्याची खोली मिळवताना आजही जे अनुभव येतात, ते पाहता हा विषय केवळ इतिहासाचा आहे असे म्हणता येणार नाही.

दारिद्र्याची रेषा

गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला. या समाजाच्याच आश्रयाखाली, रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. आठ रुपयांत महिना काढलेल्या विद्यार्थ्याच्या नावाची संस्था पुढे साऱ्या देशासाठी हाच हिशेब मांडण्यात अग्रेसर राहिली, हा योगायोग लक्षणीय आहे.

दरम्यान आकडे येत होते. १९४४ साली उद्योगपतींनी मांडलेल्या मुंबई योजनेने माणशी वर्षाला ७५ रुपये किमान मानले. फर्ग्युसनच्या प्राध्यापकाचा त्यागाचा पगार महिन्याला ७५ होता. अर्ध्या शतकानंतर सामान्य माणसाचे किमान वर्षाला ७५ धरले गेले. १९६२ साली तज्ज्ञांच्या एका गटाने दरडोई दरमहा २० रुपये हे राष्ट्रीय किमान ठरवले. त्या गटात गाडगीळ होते आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धेही होते. या २० रुपयांत आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च धरलेला नव्हता. तो विसरला गेला नव्हता, जाणूनबुजून वगळला होता. कारण या दोन गोष्टी शासन पुरवील अशी त्यांची अपेक्षा होती. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९६०-६१ च्या भावांनुसार ग्रामीण भागासाठी दरमहा १५ आणि शहरासाठी साडेबावीस रुपये अशी रेषा मांडली. रोज २,२५० कॅलरी अन्न मिळावे एवढीच तिची मागणी होती, आणि तीही खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांच्या आवाक्याबाहेर होती.

शासन सारे पुरवील ही अपेक्षा पुरी झाली नाही हे २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने एका परीने मान्य केले. लोक शिक्षणावर आणि औषधपाण्यावर पदरचे पैसे खर्च करतात, म्हणून तो खर्च रेषेत धरायला हवा, असे तिने सांगितले. २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयापुढे शहरासाठी रोज ३२ आणि खेड्यासाठी २६ रुपये हे आकडे ठेवले, तेव्हा देशभर संताप उसळला. त्या संतापात एक जुनाच घोटाळा होता. जगण्याची किमान रेषा आणि सुखाने राहण्याची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांनी पहिली दुसरी म्हणून वाचली. मात्र त्यांचा राग निराधार नव्हता. ज्या गोष्टी सामायिक असायला हव्या होत्या त्या राहिल्या नाहीत, आणि त्यांचा भार एकेकट्याच्या खिशावर आला, हे त्यांना अनुभवाने कळत होते.

सामायिक बेगमी

येथे सयाजीरावांच्या राज्यातील दोन उपक्रमांकडे पुन्हा पाहावेसे वाटते. १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले, आणि गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात शिक्षणाचे विधेयक मांडताना बडोद्याचा दाखला दिला. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. गावकऱ्यांनी काही रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने घालावी, अशी तिहेरी व्यवस्था होती. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाच्या हाती पुस्तक येण्यासाठी त्याची मिळकत वाढावी लागली नाही.

या योजनेतून ‘पुरेसे किती’ या प्रश्नाचे जे उत्तर मिळते ते समित्यांच्या आकड्यांहून वेगळ्या जातीचे आहे. गावात शाळा असली, दवाखाना असला, वाचनालय असले, विहीर सर्वांना खुली असली, तर एका माणसाला लागणारी रक्कम कमी होते. या गोष्टी नसल्या, किंवा असून त्याच्यासाठी बंद असल्या, तर कितीही रक्कम अपुरी पडते. शंभर वर्षे टिकलेल्या वाचनालयाच्या जमाखर्चात वर्गणी, देणग्या, अनुदान, कपाटे, बांधणी अशी खाती असतात. त्यातील वर्गणीचा आकडा नेहमीच लहान असतो आणि तो लहानच राहावा यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी उरलेला भार उचललेला असतो. आठ रुपयांत महिना काढणारा विद्यार्थी कोल्हापुरात होता तसा आजही प्रत्येक शहरात असतो. त्याच्या महिन्याच्या हिशेबात ग्रंथांसाठी किती रक्कम धरावी लागते, हे अशा संस्थांच्या दारावर अवलंबून आहे.